तिसरी पुकार

आवाज गेला तेव्हा माझी श्रद्धाही डळमळली होती, हे आधीच सांगून टाकतो. पाळकाने असं कबूल करू नये म्हणतात. पण अख्खी हयात वेदीपुढे उभं राहून मी लोकांना "देवाशी खरं बोला" म्हणून पिडलं, आणि आता निवृत्तीनंतर मीच गुळमुळीत लिहायला लागलो, तर सुलभा, म्हणजे माझी बायको, मला घरात उभं करणार नाही. तेव्हा जसं घडलं तसं लिहितो. याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते वाचणाऱ्याने आपापल्या घरी ठरवावं.

आमचं मूळ नगरकडचं. वडील गावोगाव फिरून टाळमृदंगाच्या साथीने येशूचं कीर्तन करायचे. मी आधी रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि मग पाळक झालो, त्यामुळे बाप म्हणायचा, "पोरगं दोन्हीकडून वाया गेलं." चेंबूरला असताना मंडळीत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात काम करणारी बरीच माणसं होती. उपासना संपली की चहाचा कप हातात घेऊन ती मला घेरायची. योना माशाच्या पोटात जिवंत राहिलाच कसा, आंधळ्याला दृष्टी आली म्हणजे नेमकं काय झालं, एक ना दोन. मी म्हणायचो, माशाचं सोडा हो, योना देवाला टाळून पळत का होता ते विचारा, कारण तो आजार आपल्यालाही आहे. तिथेच माझा स्वभाव घडला. पुढे मुलुंडला आलो तेव्हा उपदेश करायला बायकांना उभं केलं, वडिलांचे टाळ चर्चमध्ये आणले, बाप्तिस्मा न झालेला कुणी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे आला तर त्याला मागे धाडलं नाही. पाठीमागे लोक मला "नास्तिक पाळक" म्हणायचे. काही तोंडावरही म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची मजा वाटायची.

तोंडावर म्हणणाऱ्यांत पहिला नंबर साळवे सरांचा. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, आणि शास्त्राला चिकटून राहणारा माणूस. माझा उपदेश संपला की ते बोटाने पान धरून दारात उभे. "पाळकसाहेब, हे वचन तुम्ही आज गाळलंत." मी म्हणायचो, "सर, गाळलं नाही, पुढच्या रविवारसाठी ठेवलंय." त्यावर ते कधी हसले नाहीत. वर्षानुवर्षं आमचं हे असंच चाललं. माणूस मात्र सरळ. समोर भांडेल, पण पाठीमागे कधी वाकडं बोलणार नाही.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात रूथचं लग्न ठरलं. रूथ आमच्याच मंडळीतली, नर्स. तिचा बाप्तिस्मा मी केला आणि तिच्या आईला मूठमातीही मीच दिली. तिची आई मार्था साळवे सरांच्या शाळेत शिकवायची आणि चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहून गायची. वडील लहानपणीच गेलेले. मुलगा सिद्धार्थ, वाकोल्याचा, एसी दुरुस्तीचं काम करणारा, बौद्ध घरातला. त्याची आई आमच्या घरी आली आणि म्हणाली, "विहारात पण होऊ दे, चर्चमध्ये पण होऊ दे, पोरगी सुखात राहिली म्हणजे झालं." एवढी समंजस विहीण मी बघितली नव्हती. पण कमिटीत साळवे सरांनी टेबलावर हात आपटला. आपल्या वेदीपुढे हे लग्न होणार नाही, म्हणाले. मी बिशपसाहेबांकडे गेलो आणि त्यांनी परवानगी दिली. अट एकच होती. पुकार रीतसर व्हायला हवी, तीही मी पदावर असेपर्यंत. ती अपुरी राहिली, तर निर्णय माझ्यानंतर येणाऱ्या पाळकांच्या हाती. आणि त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असलं लग्न आपण लावणार नाही.

ही पुकार काय ते सांगतो. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार, भर उपासनेत, वर-वधूची आणि त्यांच्या आईवडिलांची नावं मोठ्याने वाचतात. शेवटी विचारतात, या दोघांच्या विवाहाला कुणाची रास्त हरकत असेल तर त्याने आत्ता सांगावं. कुणी उठून हरकत घेतली की प्रकरण वर जातं आणि निकाल लागेपर्यंत लग्न थांबतं. पाळकाला वाचता येत नसेल तर सेक्रेटरी वाचतो, असा आमचा जुना रिवाज आहे. पहिल्या दोन पुकारी मी चांगल्या खणखणीत वाचल्या. साळवे सर हाताची घडी घालून बसून राहिले. दुसऱ्या वेळी बाहेर पडताना सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तिसरी अजून बाकी आहे, पाळकसाहेब."

आणि माझ्या गळ्यात एक जुनी गाठ होती, ती नेमकी तेव्हाच वाढली. श्वास घेताना घरघर व्हायला लागली. डॉक्टरांनी थांबायला साफ नकार दिला. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, देवाची दया. पण शुद्धीवर आल्यावर पाणी मागायला गेलो तर तोंडातून नुसती हवा. आवाजाच्या नसेला धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले, कधी महिन्यात परत येतो, कधी येत नाही. मी इस्पितळात, आणि साळवे सरांना वाचा म्हणायची माझी तयारी नव्हती, त्यामुळे तिसरी पुकार त्या रविवारी राहून गेली. आता पुढचा रविवार, माझ्या नोकरीतला शेवटचा, एवढाच हाताशी होता. माझं काय गेलं होतं ते एखाद्या वाण्याला सांगून कळायचं नाही. मी आयुष्यभर फक्त बोललो होतो. दुसरं मला येतंच काय होतं?

शेजारच्या खाटेवर मालवणकडचे एक म्हातारे होते. घाटकोपरला मुलाकडे राहायचे, पोटाच्या दुखण्याने आलेले. त्यांना मी पाटीवर लिहून दाखवलं की मी पाद्री आहे आणि रविवारी चर्चमध्ये बोलायचं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मगे देवाक गाऱ्हाणा घातलास की नाय?" मी मान हलवली. बाकी सगळ्यांसाठी मी प्रार्थना केल्या होत्या, पण स्वतःसाठी काही मागायची मला लाज वाटायची. देव म्हणजे जादूगार नव्हे, हे मी इतक्या वेळा शिकवलं होतं की आता कुठल्या तोंडाने हात पसरू? म्हातारबा म्हणाले, "अरे, तुका बोलूक येना नाय तर मी घालतंय." आणि ते चक्क खाटेवर उठून बसले, हात जोडले आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्यो पाद्री तुझो माणूस असा. त्येचा काय चुकला-माकला असात तर पदरात घी, आणि त्येचा काम अडला हा ता सोडव रे म्हाराजा!" डबा घेऊन आलेली त्यांची सून डबा खाली न ठेवताच, गाऱ्हाण्याला होकार देण्याच्या कोकणातल्या रीतीने म्हणाली, "व्हय म्हाराजा!" समोरच्या खाटेवरचा माणूसही म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मला हसू आलं आणि टाके दुखले. मग एकदम रडू आलं. आपल्यासाठी दुसरं कुणी मागतंय आणि आपण नुसतं पडून आहोत, हे मला सवयीचं नव्हतं.

तरी घरी आल्यावर माझा तोल गेलाच. रोज सकाळी आरशापुढे उभा राहून "प्रभू" म्हणून बघायचो. हवा. माईक ओठांना लावून बघितला, तर कुकरची शिटी गेल्यासारखा फस्स आवाज. स्वतःसाठी पहिल्यांदा मागितलं, गुडघे टेकून मागितलं, तर त्याचं हे उत्तर? मी देवावर भयंकर चिडलो. मी पाटीवर लिहिलं, "तो ऐकत नाही." सुलभाने वाचलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुम्हीच बोलताय. त्याला कधी मधे बोलायला दिलंत का?" जळजळीत बाई आहे. पण त्या दिवशी तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. रूथ येऊन म्हणाली, "पास्टर अंकल, नाही झालं तर आम्ही कोर्टात करू. तुम्ही टेन्शन नका घेऊ ना." म्हणाली खरी, पण जाताना आईची लग्नातली साडी पिशवीत घालून परत घेऊन गेली. सुलभाकडे ती फॉलबिडिंगसाठी ठेवली होती. साळवे सरांना विनंती करा, असं सुलभा दोनदा म्हणाली. मी मान हलवली. ज्या माणसाचा विरोध आहे त्यालाच कसं सांगायचं, असं मी मनाशी म्हणत होतो. त्यात माझा ताठाही होता, आता कळतंय.

रविवार आला. चर्च भरलं होतं. निरोपाचा दिवस म्हणून लोक नटूनथटून आलेले. सिद्धार्थ आणि त्याची आई शेवटच्या बाकावर. उपासना पाहुण्या पाळकांनी चालवली, पण पुकारीची वेळ आली तेव्हा ते पुस्तकात डोकं घालून बसले. मी उठलो. कागद धरला आणि तोंड उघडलं. ओठ हलले, घसा ताणला, मान दुखली, पण एक अक्षर बाहेर पडलं नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांनी खाली बघितलं. माझ्या मनात तेव्हा एकच वाक्य आलं, तेही माझं नव्हे, म्हातारबांचं. "त्येचा काम अडला हा ता सोडव रे." म्हटलं, देवा, माझ्या आवाजाचं तू बघ. मला आता नको. या पोरीचं तेवढं कर. आणि मी तोंड मिटलं.

तेवढ्यात साळवे सर उठले. अख्खी मंडळी गारठली. तिसरी अजून बाकी आहे, हे ते सगळ्यांना ऐकवून चुकले होते. ते संथ पावलांनी पुढे आले, माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि हेडमास्तरांच्या त्या कडक आवाजात वाचायला लागले. "तिसरी आणि शेवटची पुकार." सिद्धार्थचं नाव, त्याच्या वडिलांचं, आईचं. मग रूथचं. मग "ख्रिस्तवासी मार्था" म्हणाले आणि अडखळले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पुढचं वाचलं. "या दोघांच्या विवाहास कोणाची रास्त हरकत असल्यास त्याने आत्ता सांगावे."

रिवाजाप्रमाणे तिथे थोडं थांबायचं असतं. ते थांबले. सगळ्या चर्चला ठाऊक होतं की हरकत घेणारा माणूस एकच आहे आणि तोच प्रश्न विचारून उभा आहे. सरांनी रूथकडे बघितलं, मग शेवटच्या बाकाकडे. मग कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "हरकत नाही." मंडळी "आमेन" म्हणाली. माझ्या ओठांवर आमेन आलंच नाही. घशातून फाटका, घोगरा, पण खरा आवाज आला, शेजारी उभ्या असलेल्या सरांपुरता, "व्हय म्हाराजा!" सरांनी दचकून माझ्याकडे बघितलं.

नंतर चहाला ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "गैरसमज नको, पाळकसाहेब. मी हरकत घ्यायलाच उठलो होतो. पण पुकार झाल्याशिवाय हरकत घेणार कशी? आणि तुम्ही तर नुसते ओठ हलवत उभे. म्हटलं, आधी रीतसर वाचून घेऊ, मग घेऊ हरकत." असा विचार करणारा माणूस आमच्या मुलुंडातच सापडायचा! "मग?" मी हाताने विचारलं. त्यांनी कप बाजूला ठेवला. "मार्थाचं नाव वाचलं," ते म्हणाले, "आणि पुढे तिच्या पोरीला नाही म्हणायला तोंड उघडेना. तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. पण त्या क्षणी वेदीपुढे मी उभा होतो, आणि तिथे उभं राहिल्यावर वेगळंच दिसतं हो." मी त्यांना मिठी मारली. त्यांनी ती सहन केली.

पुढच्याच आठवड्यात, मी पदभार सोडायच्या आत, लग्न झालं. रूथ आईच्या साडीत उभी होती. माझा आवाज घोगरा आणि दोन हात अंतरावर संपणारा, पण वर-वधूपर्यंत पोहोचायला तेवढा पुरेसा होता. बाकीच्यांसाठी माझ्यामागून एकेक वाक्य मोठ्याने म्हणायला साळवे सर होते. आमेन सिद्धार्थच्या आईनेही म्हटलं. त्याआधी सकाळी विहारात आम्ही सगळे जमिनीवर मांडी घालून बसलो होतो, आणि सरही बसले होते, जरा कडेला, पाठ ताठ ठेवून.

लोक विचारतात, तुम्ही एवढे चिकित्सक, हा चमत्कार मानता का? डॉक्टर म्हणतात, नस आपोआप सुधारत होती, त्या दिवशी जोर लावला म्हणून आवाज फुटला. मला ते पटतं. पण मी आवाज मागितला होता, आणि तो मागणं सोडल्यावर मला ज्याची खरी गरज होती ते मिळालं, तेही ज्याच्याकडून मिळेल असं स्वप्नातही आलं नसतं त्याच्या तोंडून. आयुष्यभर मला वाटायचं, देवाचं काम माझ्या बोलण्यावर चाललंय. ते माझ्या गप्प बसण्यावरही चालतं, हे कळायला घसा बंद व्हावा लागला. त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो, खरंच मानतो. म्हातारबा परत भेटले नाहीत. त्यांचं पोट बरं असू दे, एवढं मी त्यांच्यासाठी मागतो.

आवाज आता बराचसा आला आहे. उपदेश करण्याइतका नाही, भांडण्याइतका आहे, असं सुलभा म्हणते. रोज संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना होते. आता ती सुलभा म्हणते, कधी साळवे सर आले तर ते म्हणतात, लांबलचक आणि वचनांसकट. मी मधे बोलत नाही. डोळे मिटून ऐकतो, आणि सगळं मागून झालं की शेवटी तेवढं म्हणतो, "व्हय म्हाराजा."