विहीणबाईंचा आवळ्याचा डबा

तुरीच्या खळ्यावर भुसा-कुटार साचते तसे शेकाच्या बाकावर किस्से साचतात. शेक म्हणजे मशीनमधल्या किरणांचा. माह्या विहीणबाईंच्या गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. त्या बार्शीटाकळीहून एसटीनं अकोल्याले यायच्या अन् मी त्यांच्यासोबत दवाखान्यात बसायची.

पहिल्याच दिवशी त्यांले मशीनखाली निजवलं अन् सारे खोलीबाहेर निघाले. बाहेर आल्यावर विहीणबाई मशीनवाल्याले म्हणाल्या, "मले म्हणता भिऊ नका, अन् तुमी सारे काहून पळता?"

*

बाकावरच्या बायांचा एक नेम. कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. चिवडा दिला तर शेवया येत. एकीजवळ काहीच नव्हतं. तिनं एसटीचं तिकीट टाकलं डब्यात. "रिकामा तर नाही न!"

*

आमची दोघींची नात पल्लवी अमरावतीत लॅबमध्ये आहे. माणसाच्या रक्तातल्या पेशींले किरण देते, अन् आवळ्याचा अर्क घातला तर किती वाचतात ते पाहते. माहं रक्तही नेलं पोट्टीनं! फोनवर म्हणाली, "आजी, आवळ्यातल्या तुह्या पेशी जास्त जगल्या."

मले कोण आनंद! आवळे वाळवले, कुटले, डबाभर चूर्ण दाबून भरलं अन् विहीणबाईंले दिलं. "तीन टाइम घ्या."

रोज विचारलं की त्या म्हणत, "लय गुण हाय बाप्पा!"

*

रविवारी पल्लवी आली. मी ऐटीत सारं सांगितलं. तिचं तोंडच उतरलं.

"आजी, माह्या बशीत फक्त चांगल्या पेशी होत्या. आवळ्याले काय कळते, आपली कोणती अन् रोगाची कोणती? तो दोघींलेही वाचवत असन तर? डॉक्टरले विचारलं होतं?"

कोणाले विचारते! मीच डॉक्टर झाली होती न.

मनात आलं, जी गाठ जाळायले एवढा शेक, तिच्यावरच मी छत्री धरली की काय?

*

सोमवारी बाकावर बसल्याबसल्या कबूल केलं. "विहीणबाई, माहं चुकलं. किती खाल्लं वं तुमी?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला, आत गेल्या.

मंगळवारी त्यांनी डबा माह्या हातात ठेवला. जड लागला. म्हटलं, बाईनं एवढ्यातही नेम पाळला. शेवया असतील.

झाकण उघडलं. माहंच चूर्ण! काठोकाठ. वरून दाबलेल्या माह्या चार बोटांचा ठसाही तसाच.

विहीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "रिकामा डबा कसा देऊ?"