दुसऱ्याच्या छपराची पाटी

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या वेल्श बाईंचं तिकडे वेल्समध्ये, गावाकडे दगडी घर आहे, आणि त्या घरावर मी जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाई स्वभावाने सोन्यासारख्या. इथे कुवेतमध्ये, अहमदीच्या जुन्या स्टाफ क्वार्टरमध्ये एकट्या राहतात, शुक्रवारी माझ्या लेकीला बोलावून केक खिलवतात. लेक त्यांना वेल्श आजी म्हणते. तरीही मी जळते.

जळू नको तर काय करू? माझे वडील बदलीच्या नोकरीत. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी आई अडवायची, "नको गं, उद्या दुसरे येतील राहायला." लग्नानंतर पुण्यात भाड्याने राहिलो, आता इथे रिग्गईत भाड्याने. पुण्यात सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे खरा, पण त्यात भाडेकरू राहतात. मी तिथे एक रात्रही झोपलेले नाही.

आणि बाईंचं घर कसं, तर डोंगराच्या उतारावर पसरलेलं, लांबट. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या खोबणीत माझी लेक मांडी घालून बसेल. पूर्वी एकाच छपराखाली वरच्या अंगाला माणसं आणि खालच्या अंगाला गुरं राहायची, मधल्या बोळातून दोघांची ये-जा. उतार मुद्दाम साधलेला, म्हणजे शेणमूत आपोआप खाली वाहून जावं. चूल एवढी मोठी की तिच्या आत बाक टाकून बसता येतं. चुलीतला जाळ दिसला की गाई जास्त दूध देतात, असं बाईंची पणजी म्हणायची म्हणे. पुढे गुरांना वेगळा गोठा झाला आणि त्यांच्या जागी बैठकीची खोली आली. बाईंच्या वडिलांनी मागच्या बाजूला न्हाणीघर काढलं. प्रत्येकाने थोडं थोडं जोडत नेलं. बाई फोटो दाखवत हे सगळं सांगायच्या, लेक तोंड उघडं टाकून ऐकायची आणि मी चहा ढवळत बसायचे.

मग शाळेत 'माझं घर' असा प्रोजेक्ट आला. लेकीने पुठ्ठ्याचं घर केलं ते बाईंचं, चुलीसकट आणि गाईसकट.

"अगं, हे आपलं घर आहे का?" मी विचारलं.

"नो. बट मम्मा, इट्स अ रिअल हाउस."

त्या संध्याकाळी मी तिच्याशी धड बोलले नाही. आठ वर्षांच्या पोरीवर रुसून बसले होते.

दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असतं, पण दगडी पाटी मला कुवेतमध्ये कुठे मिळाली नाही. दरवर्षी कागदावरच सरस्वती काढायची. लेकीने हे परस्पर बाईंच्या कानावर घातलं, आणि सुट्टीवरून परतताना बाई आपल्या छपराची एक पाटीच घेऊन आल्या. तिकडची छपरं शाळेच्या पाटीच्याच दगडाने शाकारतात. पाटीला वर खुंटीचं भोक होतं, आणि एका बाजूला करड्या-पिवळ्या रंगाचं काहीतरी चिकटून वाढलेलं, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीचं.

पूजेची पाटी स्वच्छ हवी. शाळेत असताना आम्ही पाटी कोळशाने घासायचो, तशी मी ती घासली. दगडफूल निघेना, तेव्हा तारेची घासणी घेतली. पाटी काळीभोर झाली. खोटं कशाला बोलू, घासताना बरं वाटत होतं.

दसऱ्याला बाई आमच्याकडे आल्या. लेकीने पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती, मी हळदकुंकू आणि झेंडू वाहिला होता. बाई वाकून पाटीच्या त्या बाजूकडे बघत राहिल्या.

"आजोबांच्या वेळेपासूनचं होतं ते," त्या म्हणाल्या.

"पूजेसाठी धुतली," मी म्हटलं.

"असू दे. पावसात राहिली की पुन्हा उगवेल. तुम्ही कायमच्या घरी जाल ना, तेव्हा छपरावर बसवा."

बोलण्यात कुठे खोच नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

लेक खूश झाली. "पुण्याच्या घरावर? मम्मा, आपलं रूफ कसं आहे?"

सातव्या मजल्याला कसलं छप्पर? वर आठव्या मजल्यावरच्यांची फरशी. मी तिला तसं सांगितलं.

तिने जरा विचार केला. "देन आजी शुड टेक इट बॅक," ती म्हणाली, आणि पाटी दोन्ही हातांनी उचलून तिने बाईंच्या मांडीवर ठेवली. झेंडू खाली सांडला. पूजेतली पाटी त्या दिवशी हलवायची नसते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी फुलं गोळा करत राहिले.