भाजलेले नऊ दाणे

आधीच सांगतो, चमत्कारांवर माझा विश्वास नव्हता. आम्ही ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारे... पण माझा धंदा बियाण्याचा. मलकापुरात एका कृषी केंद्रात नोकरी करतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, किती उगवले ते मोजायचे — माझा भरवसा तेवढ्यावरच.

आमची शेरॉन नऊ वर्षांची असताना डेंग्यूने गेली. माती देताना पाद्रीसाहेबांनी बायबलमधला गव्हाच्या दाण्याचा उतारा वाचला : जमिनीत पडून मरतो, तेव्हाच पीक देतो. माझी बायको मार्था त्या दिवशी रडली नाही. पुढे चर्चला आली नाही, माझ्याशीही धड बोलेना.

नोव्हेंबरात शेरॉनचा वाढदिवस. मार्थाने भट्टीवरून हळद-मिठाचे फुटाणे आणले, पोरीचे आवडते. कबरीवर दगड बसवलेला नव्हता, नुसती काळी माती. मार्था खाली बसली आणि बोटाने एकेक फुटाणा मातीत दाबू लागली. नऊ फुटाणे, एका ओळीत.

"काय करून राह्यली तू?" मी विचारलं.

"मेलेला दाणा उगवते म्हनत होते ना पाद्रीसाहेब? हा तं भाजेल हाय. उगवून दाखव म्हना त्याले."

मला देवाची भीती वाटली. पण तिचा राग खोटा नव्हता, म्हणून तिला अडवलं नाही.

नाताळाआधी कबरस्तान साफ करायची आमच्याकडे पद्धत आहे. मार्थाही सोबत आली. तण काढायला वाकलो, तर ओळीत सहा रोपं! हरभऱ्याचीच. नऊपैकी सहा... एवढ्या उगवणीचं बियाणं मी कुणाला विकलं नसतं. पण भाजलेलं?

कुणीतरी गुपचूप पेरलं असेल, असं वाटून मी एक रोप उपटलं. हरभऱ्याचा दाणा मुळाशीच राहतो. तिथे तडकलेलं टरफल होतं, भट्टीचे काळे डाग पडलेलं.

"काऊन उपटलं?" मार्था ओरडली. "काऊन उपटलं तुम्ही? तिचं होतं ते!"

आणि ती रडली. कितीतरी वेळ रडली. मग रोप माझ्या हातातून घेऊन परत लावलं. ते जगलं नाही.

घरी त्याच पुडीतले फुटाणे उरले होते. शंभर मोजून गोणपाटात ठेवले. आठ दिवसांत एकही उगवला नाही, नुसती बुरशी.

दुकानातला गजानन म्हणाला, "पाखरानं टाकला असंल बे."

"एका ओळीत?"

"मंग मले नको विचारू."

मार्था एक दिवसाआड बाटलीने पाणी घालत राहिली. घाटे भरले, वाळले. चर्चच्या कापणीच्या सणाला लोक पोती, भोपळे घेऊन आले. तिने वाटीभर हरभरा नेला. उपासनेनंतर आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. ती वाटी वर धरली, तेव्हा कुणीच बोली लावली नाही. तो हरभरा कुठे उगवला, ते सगळ्यांना माहीत होतं. पाद्रीसाहेबांनी वाटी मार्थाच्या हातात परत दिली. लिलावानंतरच्या शेवटच्या गीताला माझ्या शेजारून तिचा आवाज आला... कितीतरी महिन्यांनी.

भाजलेला दाणा कसा उगवला, मला आजही सांगता येत नाही. वाटीतले ते दाणे घरात डबीत आहेत. कधीकधी उगवण तपासायचा फार मोह होतो. हात लावत नाही. एकदा उपटलं, तेवढं पुरे.