थोडंसं दुखतंय

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे खुर्चीवाल्या बाई म्हणत. लोक त्यांच्या खुर्च्यांवर ऐसपैस बसत आणि बाई मात्र दिवसभर ठेंगण्या स्टुलावर. हा विनोद त्यांचाच, आणि बहुतेक वेळा ऐकायलाही त्याच असत.

सिकलसेल जन्मापासूनचा. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि हाडं ठणकतात, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून वेत भिजवायला त्या पाणी कोमट करत आणि प्यायचा तांब्या हाताशी ठेवत.

त्या दिवशी एक गिऱ्हाईक घाई करत डोक्यावर येऊन बसलं. बाई पडल्या भिडस्त. थंड पाण्यातच वेत टाकला, कोपरापर्यंत हात घातले. प्यायचा तांब्याही तसाच भरलेला राहिला. भीड सांभाळली की अंगावर शेकतं, हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं असं नाही.

दुपारी दंड आणि मांड्या ठणकायला लागल्या. बाईंनी नेहमीचं सगळं केलं. भरपूर पाणी, डॉक्टरांनी दिलेली गोळी, शेकायची पिशवी, पांघरूण. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, पडून राहायचं. पण चारच्या सुमाराला छातीत कळ आली, अंग तापलं, श्वास अपुरा पडू लागला. असं झालं तर घरी क्षणभरही थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. हाक मारण्यासारखं माणूस एकच, धाकटी बहीण.

फोनवर तिनं विचारलं, नेहमीसारखंच का? वीस वर्षं बाई तिला थोडंसं दुखतंय एवढंच सांगत आल्या होत्या. आताही तेच ओठांवर आलं. मग त्या म्हणाल्या, "खूप दुखतंय. तू ये."

बहीण रिक्षा घेऊनच आली. दवाखान्यात नर्सनं विचारलं, दहापैकी किती दुखतंय? बाई म्हणाल्या नऊ. नर्सनं त्यांचा शांत चेहरा, विंचरलेले केस पाहिले आणि तिचं पेन अडलं. बाईंनी धापा टाकत सांगितलं की चेहऱ्यावर जाऊ नका, त्याला सवय आहे, छाती तपासा. मग मात्र धावपळ झाली. ऑक्सिजन लागला, सलाईन लागलं, दुखण्याचं इंजेक्शन मिळालं.

जरा उतार पडल्यावर बहिणीनं विचारलं, "ताई, इतकी वर्षं थोडंसं दुखायचं, ते?"

"तेही आजच्याइतकंच दुखायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दर वेळी खरं सांगितलं असतं, तर एक दिवस तू फोन उचलायची थांबली असतीस."

बहिणीनं पांघरूण त्यांच्या खांद्यापर्यंत ओढलं. "थांबले असते बहुतेक," ती म्हणाली.