रांग थांबवणारी उज्ज्वला

पेशंटला हात लावण्याआधी उज्ज्वला चहाचा गरम पेला दोन्ही तळहातांत धरून उभी राहायची. चहा मात्र तिला आवडायचा नाही. तो आमच्यापैकी कुणीतरी पिऊन टाकायचं. मुलं हसायची. ती म्हणायची, “थंड हात लागला की माणूस आकसतो रे. मग काय कळतंय, खाक?”

आम्ही दोघी हैदराबादच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एकाच बॅचला. तिचे वडील सिकंदराबादला रेल्वेत, माझे गौलीगुड्यात एका दुकानावर. दोघींच्या घरची मंडळी मराठवाड्यातून आलेली, आणि दोघींच्याही घरात याआधी कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. तिला काही आयतं मिळालं असतं तर मला समाधान करून घेता आलं असतं. तसं काहीच नव्हतं. पुस्तकं तर मीच जास्त वाचायची, कोठीच्या पुस्तकबाजारातून जुनी आणून. तरी वॉर्डातल्या बायका हाक मारायच्या तिलाच.

ते उदारीकरणाचे दिवस. शहरात काचेच्या इमारतींचे खासगी दवाखाने उभे राहत होते, आणि आमच्या मेडिसिनच्या सरांच्या युनिटमध्ये काम केलेल्यांना तिथं लगेच घेत. त्या वर्षी सर आमच्यातल्या एकालाच घेणार होते. मला ती जागा हवी होती. घरी मी तसं सांगूनही टाकलं होतं.

त्यात यादम्मा माझ्या वाट्याला आली. तिशीची, सुकलेली बाई. मधूनच डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, दरदरून घाम सुटायचा. घरचे म्हणत, अंगात येतं. मी तिला नीट तपासलं. हात गार आणि ओले, बोटांना बारीक कंप. आडवी असताना रक्तदाब चढलेला, उभी केली की एकदम उतरायचा आणि तिला भोवळ यायची. राउंडला मी हे सगळं न अडखळता सांगितलं. सर म्हणाले, “छान.” कारण विचारलं, तर मी म्हणाले, किडनीचा आजार असावा.

“मग किडनी हाताला लागते का, बघा.”

आमच्याकडे चांगली केस आली की सगळ्यांनी रांगेनं पोट चाचपायचं, ही रीतच होती. पहिली मी. डाव्या बाजूला खोल दाबलं आणि काहीतरी लागलं. मी आनंदानं सांगितलं, तशी मागची मुलं पुढं सरकली. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. उज्ज्वला यादम्माच्या तोंडाकडे बघत होती. तिनं वाकून हळूच तेलुगूत विचारलं, “नोप्पा?” दुखतंय का? यादम्मानं नुसती नाही म्हणून मान हलवली. ओठ पांढरे पडले होते.

उज्ज्वला सरळ कॉटवर बसली, आमच्या आणि यादम्माच्या मधे. सरांसमोर कॉटवर कुणी बसत नसे. “नक्को,” ती म्हणाली. “सर, आता हिला कुणी हात लावायला नको.”

मला वाटलं, माझी केस पळवते आहे.

सरांनी लगेच रक्तदाब घेतला. पारा चढतच गेला. त्यांनी रांग मागं घेतली, औषधं सुरू केली. यादम्मा स्थिर झाल्यावर म्हणाले, किडनीवर एक ग्रंथी असते, तिच्यातली ही गाठ असावी. दाबलं की रक्तात हार्मोन ओतते. आणखी दोघातिघांनी दाबलं असतं तर बाई गेली असती. पुढं तपासण्यांत तेच निघालं आणि ऑपरेशन होऊन यादम्मा चालत घरी गेली.

जागा उज्ज्वलाला मिळाली.

अभिनंदन करताना मी विचारलंच, “तुला हा आजार ठाऊक होता?”

“छे गं. नावसुद्धा सरांच्याच तोंडून ऐकलं. ती घाबरली होती, तेवढं दिसलं. चल ना, मी सरांना सांगते, दोघींना घ्या म्हणून.”

मी नको म्हणाले. त्या आजाराचं पान मी वाचलेलं होतं. तिनं ते वाचलं असतं, तर मला इतकं लागलं नसतं.

पुढं ती लग्न होऊन दूर गेली, भेटी संपल्या. आज पोट तपासताना मी पेशंटच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही. पण ते मला दर वेळी आठवणीनं करावं लागतं. तिला आठवावं लागत नव्हतं.