साडूंच्या गालातला हिरडा

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. जांभळाच्या बिया निकामी असताना त्या अव्वल आहेत म्हणून सांगितलं. त्यांच्या शब्दावर मी सगळा माल घेतला आणि माझ्या शब्दावर औषधांच्या कारखान्याला दिला. कारखान्याने ट्रक परत पाठवला. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये मी हमालीपासून सुरुवात केली आणि सुक्या औषधी फळांचा व्यापारी झालो, तो एकाच गोष्टीवर. मी चांगला म्हटलेला माल कोणी पोतं उघडून बघत नसे. आता बघतात.

साडू कोणावर म्हणून विश्वास ठेवत नाहीत. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले, पण कोपरखैरण्यातला त्यांचा दूधवाला अजून रोज परीक्षा देतोय. देवळातला प्रसादसुद्धा हुंगून खातात. शर्टाच्या खिशात पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्याची बाटली असते. त्यात आवळ्याचा रस थेंब थेंब सोडायचा. रंग जितका लवकर उडेल तितकं त्यातलं अँटिऑक्सिडंट जोरात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी कौतुकाने घरचं आवळा सरबत पुढे केलं, तर यांनी भर हॉलमध्ये बाटली काढली. "रंग जात नाही. नुसती साखर आहे," एवढं बोलून ग्लास परत दिला. व्याही अजून माझ्याशी जपून बोलतात.

माझ्या गाळ्यावर स्टूल टाकून मालही तेच तपासायचे. जांभळाच्या बियांसाठी त्यांची रीत वेगळी. थुंकीतलं जे एन्झाइम स्टार्च पचवतं, त्याला चांगल्या बीचा अर्क अडवतो. म्हणून भाताच्या पेजेत अर्क घालायचा, स्वतःची थुंकी घालायची, चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं आणि मग आयोडीनचा थेंब टाकायचा. पेज निळी झाली की स्टार्च शाबूत, म्हणजे बी जोरदार. त्या दिवशी पेज अशी निळी झाली की साडू म्हणाले, "शेठ, डोळे मिटून घ्या."

ट्रक परत आला तेव्हा मला वाटलं, माल विकणाऱ्याने यांना फितवलं. तडक त्यांच्या घरी गेलो.

"कोणाचं मीठ खाल्लंत?"

"तुमच्या गाळ्यावरचा चहा सोडून कोणाचं काही नाही."

"मग माझ्यासमोर करा. आणि बी घालूच नका. बघू काय होतं ते."

परक्या काट्यावर मी आधी रिकामं पारडं बघतो, तीच सवय.

बी नाही, अर्क नाही, तरी पेज निळीशार. साडूंनी भांडं उजेडात धरलं. मग गालातून हिरड्याचा तुकडा काढून त्यांनी बशीत ठेवला. खोकल्यासाठी तो दिवसभर चघळायचे, माझ्याच दुकानातला. त्याने थुंकीतलं एन्झाइम आधीच गारद केलं होतं. मग माझी थुंकी घेतली, तर त्याच बियांचा अर्क घालूनही पेज निळी झाली नाही. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडावर तेवढा घेतला नव्हता.

"तुमचा हिरडा मात्र अस्सल आहे हां," ते हळूच म्हणाले. मी बशी आपटली आणि निघालो.

त्यानंतर ते गाळ्यावर आले नाहीत. मोठ्या मेहुणीबाई सांगतात, हिरडा सोडलाय, नुसते खोकत बसतात. त्यांचं स्टूल आहे तिथेच आहे. हमाल त्यावर टेकला की मी ओरडतो. परवा आमच्या साताऱ्याकडचा नवा आवळा आला. चावून बघितला. तोंड आंबट झालं, पुढचं काही कळेना.

मार्केटमधला माझा शब्द त्यांनी घालवला. घरी खोकत बसून तो परत येणार नाही. त्यांनी इथे यावं, नळावर चूळ भरावी, त्या स्टुलावर बसावं आणि हा आवळा घेऊ का नको, ते मला तोंडावर सांगावं. जबाब त्यांनाच द्यावा लागेल. दुसऱ्या कोणाचा मी ऐकणार नाही.