ऐनावरची रानचिमणी

सुकऱ्याला माणसांचं बोलणं ऐकू यायचं, एसटीचा हॉर्न ऐकू यायचा. बारीक आवाज तेवढे गेले होते. घोलवडच्या वाडीत चिकू उतरवताना त्याला वाटलं, यंदा पाखरं आली नाहीत. मग एक चिमणी समोरच्या फांदीवर बसून चोच उघडमीट करताना दिसली. त्याने टोपली खाली ठेवली, थोडा वेळ पाहिलं, परत उचलली. घरी काही सांगितलं नाही.

सांगण्यात अडचण होती. तलासरीच्या डोंगराकडच्या त्याच्या पाड्यावर वाळलेलं झाड तोडण्याआधी सुकऱ्याला बोलवायची रीत होती. घरातली चिमणी वळचणीला घरटं करते. ती झाडावर ओरडली तर झाड तोडायला मोकळं. रानचिमणी ढोलीत अंडी घालते. ती गात असली तर पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही. दोघी उंच शेंड्यावर सारख्याच दिसतात. फरक आवाजात, आणि तो ओळखावा सुकऱ्यानेच.

ऐकू येईना तेव्हापासून सुकऱ्या प्रत्येक झाडाखाली जाऊन, मान तिरकी करून, एकच सांगत होता. "रानचिमणी. थांबा."

यंदा धाकल्याची पाळी आली. त्याच्या घराची मधली मेढ, छपराचा मुख्य खांब, वाळवीने खाल्ली होती. छपराला बांबूचा टेकू होता आणि टेकूला धाकल्याची बायको पुष्पा रोज शिव्या देत होती. नव्या मेढीसाठी बांधावरचा वाळका ऐन हेरला होता. त्याच्या शेंड्यावर चिमणी बसली होती.

"बोल आजा," धाकल्या म्हणाला. कुऱ्हाड त्याच्या खांद्यावरच होती.

सुकऱ्याने मान तिरकी केली. पाखराचा गळा फुगत होता. बाकी शांतता.

"रान..."

"थांब, थांब," पुष्पा म्हणाली. "दोन वरसं झाली, तुझ्या पुढ्यात घरची चिमणी एकदापण बसली नाय. त्या काय तुला घाबरतात?"

जमलेली माणसं हसली. सुकऱ्यासुद्धा हसला. मग म्हणाला, "एवढं कळतं तर तूच ऐक. कशी बोलते ती, तोंडाने करून दाखव."

पुष्पाने वर पाहिलं. एकदा आपल्या छपराकडे पाहिलं. नुसतं चिव चिव म्हणायचं होतं.

सुकऱ्या झाडाकडे बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, भाकरी भाजली का बघावं तसा. ते पुष्पाच्या ध्यानात आलं.

ती त्याच्या कानाजवळ गेली आणि मोठ्याने, उतरत्या सुरात म्हणाली, "चिलप, चालप, चुलप. चिलप, चालप, चुलप."

"रानचिमणी," सुकऱ्या म्हणाला.

"तूच केलंस ना गं?" धाकल्या बायकोला म्हणाला. "आता धर बांबू."

"धरते. तू कुऱ्हाड ठेव."

पिल्लं उडाली, मग ऐन पडला, मेढ उभी राहिली.

आता झाडाखाली दोघं जातात. सुकऱ्या मान तिरकी करतो. पुष्पा ऐकते आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन पाखराचा आवाज काढते. एवढ्या मोठ्याने कशाला, असं धाकल्याने एकदा विचारलं.

"शिकते आहे," पुष्पा म्हणाली. "चुकलं तर आजाने सांगायला नको?"

परवा एका शिसवाखाली तिने चिव चिव केलं. सुकऱ्याने बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"तोडा," तो म्हणाला.